ट्रकच्या पाट्याची सुरी

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची कंपनी वर चढली. पोस्ट चौदा हजार फुटांवर, उत्तरेकडची. नाव लिहीत नाही. पोस्टवर आम्ही अठरा जण आणि मुक्काम सहा महिन्यांचा. मी शिपाई, ट्रेड मेस-कीपर. आठवी पास होऊन नववीत शाळा सोडलेल्याला फौजेत तेवढीच वाट होती, आणि ती मिळाली याचे उपकार मी आजही मानतो. माझं गाव बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या बाजूला. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यांच्याबरोबर मीही. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. जे थोडंफार लिहिता येतं ते ज्यानं शिकवलं, त्याच्याबद्दलच हे आहे.

नाईक दत्तात्रय लोहार. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मी त्याला दत्तूभाऊ म्हणायचो. गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या वर, डिंभे धरणाच्या अंगाला. वडील गेनूबाबा गावचे लोहार. भातकापणीचे विळे, हिरड्याच्या फांद्या उतरवायचे कोयते, कुऱ्हाडी, सगळं त्यांच्या भट्टीतलं.

पोस्टवरचा दिवस ठरलेला. साडेचारला उठणं. पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यात, खंदकात उभं राहणं. सहाला चहा. मग रात्रीचा बर्फ काढणं. नऊला रेडिओ चेक. दोन ते साडेतीन मोकळे. त्या दीड तासात दत्तूभाऊ मला शिकवायचा. फौजेची शिक्षणाची परीक्षा असते, ती पास झाल्याशिवाय माझं पुढं काही होणार नव्हतं. रोज एक पान लिहायचं. विषय एकच, आज काय झालं. लिहून झालं की तो वाचायचा.

"वेळ कुठंय? कवा झालं ते लिही. नुसतं 'मग' काय? मग म्हंजे किती वाजता?"

ती सवय अजून आहे.

पोस्टवर इश्यूची, म्हणजे फौजेनं दिलेली, हत्यारं सोडून तीन सुऱ्या होत्या. हवालदार गायकवाड यांची स्टेनलेस, ऑनलाइन मागवलेली, तोंड दिसेल इतकी चकचकीत. तिच्या पात्याच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाला पोकळ घासलेल्या, त्यामुळं धार वस्तऱ्यासारखी. रेडिओ ऑपरेटर शिंदे याची डी-टू नावाच्या स्टीलची. रंग राखाडी, बाजू पाठीपासून धारेपर्यंत सरळ सपाट. तिसरी दत्तूभाऊची. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तापवून, ठोकून बाबांनी घडवलेली. काळी, अंगावर हातोड्याच्या खुणा. बाजू फुगीर, गव्हाच्या दाण्यासारखी पोटात भरलेली. मुठीजवळ तीन ठिपक्यांचा ठसा. बाबांच्या भट्टीतल्या प्रत्येक वस्तूवर तो असतो.

गायकवाड नेहमी डिवचायचे. "लोहार, ही सुरी आहे का पहार? हिनं कांदा चिरत नाही, फुटतो."

"तुमची घेऊन लग्नात फोटो काढा, हवालदार. लई चमकंल."

एका रविवारी दुपारी तिघांनी सामनाच लावला. दोर, गोठलेलं मटण हाडासकट, रॉकेलच्या खोक्याची फळी. निकाल लिहायचं काम माझ्याकडं, वहीत. स्टेनलेसनं दोर एका ओढीत कापला. हाडावर मात्र तिची धार दुमडली आणि बारीक दातऱ्या पडल्या. डी-टू दोरावर सगळ्यात जास्त टिकली, पण फळीतल्या खिळ्यावर गेली आणि टोकाजवळ कपची उडाली. तिला परत धार लावायला मला तीन दुपारी लागल्या, इतकं ते स्टील कठीण. पाट्याची सुरी दोरावर सगळ्यात आधी बोथट झाली. ओली ठेवली की एका दिवसात गंज धरायची. पण हाड फोडलं, फळी फोडली, खिळ्यावरही गेली आणि काही झालं नाही. दगडावर चार हात मारले की परत तयार.

"बाबांची हाय," एवढंच दत्तूभाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुरी माझ्याकडं दिली. "दोरावर कमी पडली राव. जरा धार लाव."

धार लावणं मला येतं. ऊसतोडीत आमच्या टोळीचे सगळे कोयते मी घासायचो. उसाच्या कोयत्याला धार पातळ लागते, नाहीतर ऊस तुटायच्या ऐवजी चिरतो आणि मुकादम बोंबलतो. माझ्या हाताला तेवढंच माहीत. मी तीन दुपारी बसून त्या सुरीचं पोट दोन्ही बाजूंनी उतरवलं. बाबांनी ठेवलेला फुगवटा धारेपासून बोटभर वरपर्यंत सपाट केला. मला वाटलं, खुश होईल.

त्यानं नखावर लावून बघितली. उन्हात धरली.

"लई पातळ केलीस रे," तो म्हणाला. मग हसला. "चालंल."

फेब्रुवारीत एका सकाळी सुभेदार साहेबांनी ऑर्डर दिली. "लिंक पेट्रोल, सहा जण. खालच्या पोस्टला रॉकेल आणि बॅटऱ्या. नऊ पंधराला निघायचं, तेराशेपर्यंत परत." तेराशे म्हणजे दुपारचा एक. वाट नेहमीची होती. आठवड्यातून दोनदा जायचो. एकाच दोराला सहा जण बांधलेले. पहिला दत्तूभाऊ, त्याच्याकडं आइस-ॲक्स. दुसरा मी, पाठीवर रॉकेलचा कॅन. तिसरा शिंदे, रेडिओसकट. मग दोन शिपाई. शेवटी हवालदार गायकवाड, दुसरी ॲक्स त्यांच्याकडं.

वाटेत एक नाला आहे. हिवाळ्यात वरून गोठतो, खालून पाणी वाहत राहतं. दहा चाळीसला आम्ही त्याच्यावर होतो. आवाज मोठा नव्हता. पापड मोडावा तसा. दोराला हिसका बसला, मी तोंडावर पडलो. मागून गायकवाड ओरडले, "अँकर!" आणि त्यांनी आपली ॲक्स बर्फात रोवून तिच्यावर अंग टाकलं. सहा जणांचा दोर त्या एका ॲक्सवर अडला होता. ती काढली असती तर सगळेच गेलो असतो.

दत्तूभाऊ काखेपर्यंत पाण्यात होता. त्याची ॲक्स वाहून गेली होती. पाठीवरचं सामान पाण्यानं ओढून बर्फाच्या पत्र्याखाली नेलं होतं आणि त्याचा पट्टा त्याला मागं खेचत होता. बक्कल पत्र्याखाली, हात पोचत नव्हता. पत्रा वीतभर जाड.

मी पोटावर सरपटत गेलो. मागं शिंदेचा आवाज. "वाघ-दोन, वाघ-दोन, हिअर लिंक. एक कॅज्युअल्टी, नाल्यात, पाण्यात. हेलिकॉप्टर रिक्वेस्ट. ओव्हर."

"लिंक, वाघ-दोन. रॉजर. वेट. आउट."

दत्तूभाऊनं छातीवरच्या म्यानातून सुरी काढून माझ्या हातात दिली. "आधी बर्फ फोड. मग पट्टा."

मी अकरा घाव घातले. आकडा मला नक्की माहीत आहे. अकराव्याला चीर पडली. मी पातं चिरेत घातलं आणि पत्रा उचकटायला आडवं पिळलं. सुरी मोडली, मुठीपासून चार बोटांवर. टोकाचा तुकडा बर्फावर पडला. मूठ माझ्या हातात, मोडलेलं तोंड त्याच्याकडं.

त्यानं त्या तोंडाकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. ओठ निळे पडले होते.

"बाबांना हे दाखवू नको."

"काय, भाऊ?"

"हे. दाखवू नको त्यांना. आता हातानं फोड."

मी मुठीच्या राहिलेल्या पात्यानं आणि हातानं फोडत राहिलो. मागच्या दोघांनी बर्फात पाय रोवून दोर आपल्या अंगावर घेतला, तेव्हा कुठं गायकवाड यांची ॲक्स मोकळी झाली. त्याला नऊ मिनिटं गेली. ॲक्सच्या दोन घावांत पत्रा फुटला. पट्टा मी त्या अर्ध्या सुरीनं कापला. माझी पातळ धार होती, एका ओढीत कापला.

दहा अठ्ठावन्नला तो बाहेर आला. ओले कपडे काढले, स्लीपिंग बॅगेत घातला, एका बाजूनं शिंदे आणि एका बाजूनं मी अंगाला अंग लावून पडलो. खिंडीत ढग होते, हेलिकॉप्टर निघालंच नाही. अकरा सत्तावन्नला नाडी लागेना. गायकवाड यांनी घड्याळ बघून वेळ सांगितली. मी लिहिली. वही माझ्या खिशात होती, त्या दिवशीचं पान लिहायचं राहिलं होतं.

पुढं चौकशी झाली, तशी ती होतेच. साहेबांनी विचारलं, "एनी इक्विपमेंट फेल्युअर?"

"नाही, साहेब."

सुरी इश्यूची नव्हती, कुठल्या यादीत नव्हती. दत्तूभाऊचं सामान मीच पेटीत भरलं. दोन तुकडे मात्र भरले नाहीत. मोज्यात गुंडाळून माझ्या किटमध्ये ठेवले. त्यानं दाखवू नको म्हटलं होतं म्हणून, आणि मला भीती वाटत होती म्हणून. दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढत होती. त्यातलं खरं कोणतं ते मी तपासलं नाही.

परीक्षा मी पास झालो. सात वर्षांनी पेन्शन घेऊन घरी आलो. दर महिन्याला तुकडे पुसून तेल लावायचो. मनात एकच हिशोब. अकरा घाव, नऊ मिनिटं. बाबांनी ठेवलेलं पोट मी उतरवलं नसतं तर पातं टिकलं असतं का? टिकलं असतं तर तो चार-पाच मिनिटांत बाहेर आला असता. "लई पातळ केलीस रे." माझ्यामुळं गेला की नाही, हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता. आणि त्यालाच दाखवू नको असं मला सांगितलेलं होतं.

शेवटी गेलो. हे मी चुकीचं केलं की बरोबर, ते अजून मला ठरवता येत नाही.

भातकापणीचे दिवस होते. बीडहून आळेफाट्यावरून नारायणगावला उतरलो. स्टँडवर लेण्याद्रीला निघालेली माणसं पिशवीत नारळ घेऊन गाडीची वाट बघत होती. मला वाटलं, आपणही तिकडंच जावं, दर्शन घ्यावं आणि परत फिरावं. मंचरची गाडी लागली, तिच्यात बसलो. मग घोडेगाव, तिथून जीप. भट्टीपाशी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

गेनूबाबा ऐरणीपाशी बसलेले. समोर एक शेतकरी घाई करत होता.

"बाबा, माझा इळा द्या की. भात खाली सांडतंय राव."

"उद्या ये."

"कालबी उद्याच म्हनला व्हता."

"मंग आज खरं बोलतोय आसं समज. उद्या ये." मग माझ्याकडं बघून, "कोन पावणं?"

"बीडकडचा, बाबा. दत्तूभाऊच्या कंपनीत होतो."

त्यांनी हातोडा खाली ठेवला. शेतकरी निघून गेला. बाबांनी आत हाक मारली, "आगं, च्या टाक. दत्तूच्या कंपनीतलं पावणं आल्यात."

मी मोजा सोडला. तीन ठिपके वर आले. मी एका दमात सगळं सांगितलं. उसाच्या कोयत्यासारखी पातळ केली, पोट उतरवलं, अकराव्या घावानंतर मोडली, माझी चूक आहे. बाबांनी चष्मा लावला. तुकडे घेऊन दारात उजेडाला गेले. रॉकेलच्या फडक्यानं मोडलेली तोंडं पुसली. परत पुसली. नखानं खरवडलं.

"हिकडं ये. ही उजळ जागा बघ. दाणं दिसत्यात? हे त्या दिवशी मोडलं." त्यांनी अंगठा पाठीच्या बाजूला नेला. "आन ही काळी. नखाएवढी. ही कशानं झाली?"

"पाण्यानं गंजली असेल, बाबा."

"गंज तांबडा असतोय. ही भट्टीतली काळी. पाणी देताना, तापलं पातं बुडवलं तवा, चीर पडली. मागनं मी पातं परत मंद आचेवर धरलं, तवा चिरेत हे काळं बसलं. तवा तू कुठं व्हतास?"

त्यांनी टोकाचा तुकडा उजेडात फिरवला.

"तुझी धार बघ. आख्ख्या धारेला एक दातरा न्हाई. धारेकडनं मोडलंच न्हाई हे. पाठीकडनं मोडलंय."

ते खाली बसले. पुढचं माझ्याशी बोलत नव्हते, सुरीशी बोलत होते.

"इळ्याची नुसती धार बुडवतो मी पाण्यात. पाठ बाहेर ठेवतो. ही पोराची म्हनून आख्खी बुडवली. म्हनलं, पाठपन कडक व्हऊ दे. दत्तू म्हनला व्हता, बाबा, ट्रकचा पाटा तेलात बुडवा, पाण्यात तडकतो. मी हसलो त्याला. म्हनलं, पल्टनीत जाऊन बापाला लोहारकी शिकवतो व्हय."

सात वर्षं जे हवं होतं ते मला मिळालं होतं. माझी चूक नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण तेव्हाच मला नाल्यातली ती नजर कळली. दत्तूभाऊ लोहाराचा मुलगा होता. मोडलेल्या तोंडावरची काळी जागा त्यानं ओळखली होती. मला सात वर्षांत जे समजलं नाही ते त्याला काखेपर्यंत पाण्यात असताना समजलं, आणि त्यानं मला एकच ऑर्डर दिली. ती मी मोडली होती, आणि मोडून त्याच्या बापासमोर बसलो होतो.

बाबांनी विचारलं, "त्यानं बघितलं का हे तोंड?"

"नाही, बाबा. मी लगेच खिशात टाकलं."

"काय बोलला?"

"काही नाही. हातानं फोड म्हणाला."

"बरं."

दत्तूभाऊच्या आई चहा घेऊन आल्या. माझ्या हातात कप दिला आणि माझ्या गावाची, घरच्यांची चौकशी केली. बाबा उठले. ऐरणीशेजारी दगडाची डोणी होती, चार पिढ्या तिच्यात पाणी भरून तापलेलं लोखंड बुडवत आल्या होत्या. त्यांनी ती एकट्यानं उचलली आणि दारात पालथी घातली. पाणी अंगणभर झालं.

"घोडेगावात गॅरेज हाय. गाडीचं जुनं तेल देत्यात. एक डबा आनतोस?"

"आणतो."

साध्या विळ्याला पाणी चालतं. मी तेव्हा बोललो नाही, नंतरही नाही. तेल घेऊन परत आलो तेव्हा साडेपाच झाले होते, परतीची जीप गेली होती. आईंनी माझं ताट वाढलं होतं. दुसऱ्या दिवशी तो शेतकरी विळ्याला आला आणि भाता ओढायला कुणी नव्हतं म्हणून मी बसलो. पुढच्या वर्षी बायकोमुलांना घेऊन आलो. या घरानं मला का ठेवून घेतलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

बाबांनी मला सगळं शिकवलं. पातं तयार झालं की रॉकेलमध्ये ठेवायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची भुकटी चोळायची. चीर असेल तर रॉकेल बाहेर झिरपतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. त्या दिवसानंतर बाबांनी ही तपासणी केल्याशिवाय एकही पातं दिलं नाही. मी दोनदा करतो. लोक हसतात.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांनी परत एकदा विचारलं, "दत्तूनं बघितलं न्हवतं ना?" मी परत म्हणालो, नाही बाबा. ते "बरं" म्हणाले.

आता भट्टी मी चालवतो. भीमाशंकरकडं आणि जुन्नरच्या किल्ल्यांवर जाणारी पोरं येतात, मोबाइलवर फोटो दाखवतात, कोणतं स्टील चांगलं, कोणती धार चांगली विचारतात. मी वहीतला जुना सामना सांगतो. स्वयंपाकाला, दोराला पोकळ घासलेली स्टेनलेस न्या. धार टिकायला हवी असेल आणि धार लावायला वेळ असेल तर डी-टू. रानात एकच न्यायची, फांदी तोडायची, फळी फोडायची, तर पाट्याची, फुगीर पोटाची, आणि तिला रोज पुसा. कुठल्याच सुरीनं काही उचकटू नका. आणि स्टीलचं नाव विचारायच्या आधी ते कुणी कडक केलं, कशात बुडवून केलं, ते विचारा. पोरं मान हलवतात आणि पात्याचा रंग कोणता मिळेल ते विचारतात.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ऐरण, हातोडा, सांडशी, आणि बाबांच्या हयातीपासून त्या सुरीचे दोन तुकडेही. परवाच्या खंडेनवमीला आई हळदकुंकू वाहत होत्या. मी म्हणालो, "आई, दत्तूभाऊचं सगळं लिहून काढावं म्हणतो. सुरीचंही. तुम्हाला चालेल का?"

"लिही की. मला त्या दिवशीच कळलं व्हतं."

"काय?"

"डोणी पालथी घातली त्यांनी. मानूस उगं घालतो व्हय?" त्यांनी ऐरणीला कुंकू लावलं. "आन तू खोटं बोललास, तेबी कळलं. त्यांनाबी. दत्तू आन गप ऱ्हाईल? बोलून बोलून डोकं खायचा माझं. काय म्हनला व्हता?"

पहिल्यांदा मी सांगितलं. शब्द होते तसे.

आईंनी हातातलं हळदकुंकू खाली ठेवलं. मग आत गेल्या आणि बाबांच्या धोतराचं धुतलेलं फडकं घेऊन आल्या. दोन्ही तुकडे एकत्र ठेवून त्यात नीट गुंडाळले, गाठ मारली.

"दाखवू नको म्हनला ना त्यो," त्या म्हणाल्या. "मंग झाकून ठेव."

हळदकुंकू त्यांनी त्या फडक्यावर वाहिलं.

नाईक दत्तात्रय गेनू लोहार. वय एकतीस. वेळ अकरा सत्तावन्न.